चेंडू येण्याआधीचे शिक्षण

मुंबईच्या फुटबॉलची चर्चा निघाली, की ती मैदानांची टंचाई, आश्रयदात्यांचा अभाव आणि क्रिकेटची मक्तेदारी या तीन मुक्कामांवर येऊन थांबते. ही तिन्ही दुखणी खरी आहेत. परंतु ज्या गोष्टीला जागा लागत नाही, पैसा लागत नाही आणि क्रिकेटची परवानगीही लागत नाही, ती तरी मुलांना शिकवली जाते काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ती गोष्ट म्हणजे पास स्वीकारताना खेळाडूने उभे कसे राहावे.

परळचे सेंट झेवियर्स मैदान असो वा आझाद मैदान, शालेय सामना घटकाभर पाहिला तरी दुखणे ध्यानात येते. मधल्या फळीतला मुलगा आपल्याच बचावपटूकडे तोंड आणि प्रतिपक्षाच्या गोलकडे पाठ करून चेंडूची वाट पाहतो. चेंडू आला की तो अडवतो, मग मान वर करतो, मग वळतो. आणि वळेपर्यंत कोणीतरी अंगावर आलेले असते. आला तसा चेंडू मागे देणे किंवा डोळे मिटून लांब भिरकावणे, एवढेच त्याच्या हाती उरते. बघणारे त्याच्या पायाला दोष देतात. वस्तुतः चूक चेंडू येण्याआधीच होऊन गेलेली असते. तोच मुलगा किंचित तिरका, म्हणजे एक खांदा पास देणाऱ्याकडे आणि दुसरा प्रतिपक्षाच्या गोलकडे ठेवून उभा राहिला, आणि जवळच्या पायाने चेंडू न अडवता तो अंगासमोरून जाऊ देऊन लांबच्या पायाने त्याने घेतला, तर पहिल्याच स्पर्शात त्याचे तोंड पुढे होते. वाचणारा वेळ जेमतेम सेकंदाचा. पण फुटबॉलमध्ये वेळेइतकी दुर्मीळ वस्तू दुसरी नाही.

अर्थात नुसते तिरके उभे राहण्याचा मंत्र घोकून भागत नाही. प्रतिस्पर्धी पाठीला चिकटला असेल, तर अंग उघडून चेंडू घेणे म्हणजे तो त्याच्या स्वाधीन करणे होय. तेथे अंग आड घालून चेंडू राखावा लागतो. पाठीमागे कोण आहे हे कळण्यासाठी चेंडू वाटेत असतानाच खांद्यावरून नजर टाकली पाहिजे. नॉर्वेचे अभ्यासक गेइर यॉर्देत यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील खेळाडूंच्या याच सवयीचा अभ्यास करून २०१३ साली निष्कर्ष मांडले. चेंडू मिळण्याआधी जे वारंवार आजूबाजूला पाहतात, त्यांचे पास अधिक अचूक जातात, असे त्यांना आढळले.

हे तत्त्व मध्य मुंबईला अपरिचित आहे असे मात्र मुळीच नाही. लालबाग-परळच्या कबड्डी संघांत चढाई करणाऱ्या पोराला पहिली शिकवण मिळते ती उभे राहण्याची : कोपरारक्षक नजरेआड होता कामा नये आणि परतीची मध्यरेषाही मनातून सुटता कामा नये. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांच्या नेटमध्ये शिकलेल्यांना फलंदाजाच्या पवित्र्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. फार कशाला, दादरला उतरणारा प्रवासी माटुंगा सुटताच अंग दाराकडे वळवून उभा राहतो. गाडी थांबल्यावर वळू म्हणणाऱ्याला परळ दाखवले जाते! देहाच्या पवित्र्याविषयी इतकी जागरूक असलेली ही वस्ती फुटबॉलच्या बाबतीतच त्याविषयी उदासीन का राहिली?

याचे एक उत्तर चिखलात सापडते. कांगा लीगचा अपवाद सोडला, तर पावसाळ्यात क्रिकेट आवरते आणि मैदाने फुटबॉलला मोकळी होतात. साचलेल्या पाण्यात पास मध्येच अडकतो; अशा वेळी चेंडूला सामोरे जाऊन तो आधी ताब्यात घेणे हेच शहाणपणाचे असते. त्या परिस्थितीत ‘आधी थांबव, मग बघ’ ही शिकवण चूक नव्हती. पुढे कूपरेजवर कृत्रिम हिरवळ आली, ठिकठिकाणी टर्फ झाले, चेंडू वेगाने व सरळ येऊ लागला. शिकवण मात्र चिखलातलीच राहिली. दुसरे उत्तर स्पर्धांत आहे. बारा वर्षांखालच्या संघाच्या प्रशिक्षकाला यंदाचा करंडक हवा असतो, आणि तो अंगापिंडाने थोराड मुलाच्या लांब किकने लवकर मिळतो.

याची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही, हा खरा चिंतेचा भाग आहे. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स करंडक स्पर्धा २०००-०१ नंतर भरलेली नाही. मफतलाल, ओर्के यांसारख्या गिरण्यांचे संघ केव्हाच इतिहासजमा झाले. २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेडही २०१० साली विसर्जित झाला. खेळाच्या जोरावर नोकरी मिळवून देणारी वाट अशी अरुंद होत गेली. आता चांगले शिक्षण मिळते ते तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या टर्फवर, फी भरणाऱ्या मुलांना. चाळीतल्या मुलाचा पाय त्यांच्यापेक्षा कमी कुशल नसतो, किंबहुना गल्लीतल्या दाटीत तो अधिक चपळ होतो. पण सतराव्या वर्षी निवडचाचणीत तो पाठमोरा उभा राहतो आणि बाद होतो. आणि आपण कशामुळे बाद झालो, हेही त्याला कोणी सांगत नाही.

यावर परदेशी प्रशिक्षक आणण्याचा उपाय खर्चिक आहे आणि अनावश्यकही. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईचा. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे हैदराबादचे शाळामास्तर होते. महापालिकेच्या शाळेतील शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकालाही आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे देता येतील. एका मुलाने चेंडू सरकवायचा, दुसऱ्याने तो घ्यायचा. घेणाऱ्याच्या पाठीमागे उभे राहून शिक्षकाने हाताची बोटे वर करायची. चेंडू पायाशी पोहोचण्याआधी मुलाने मागे नजर टाकून आकडा ओरडायचा आणि लांबच्या पायाने चेंडू घेऊन वळायचे. दुसऱ्या आठवड्यात बोटांऐवजी एक मुलगा पाठीवर सोडायचा, म्हणजे केव्हा वळावे आणि केव्हा चेंडू राखून परत द्यावा, हेही मुलांना उमगू लागते. एवढ्यासाठी शाळेचे सिमेंटचे पटांगण पुरते, आणि पावसाच्या दिवशी मधल्या सुट्टीतला व्हरांडाही.