जुन्या छायाचित्रांतील इमारती

एखाद्या जुन्या छायाचित्राखालीं केवळ 'सातारा' एवढाच शब्द असला, तर तें चित्र सातारा शहराचेंच आहे असें धरून चालणें धोक्याचें होय. 1949 पूर्वीं तासगांव, वाळवा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यांतच होते. त्या सालीं दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला व 1960 सालीं त्यासच सांगली हें नांव मिळालें. म्हणजे 'दक्षिण सातारा' असा शिक्का ज्या चित्रावर आहे तें बहुधा या अकरा वर्षांतलें, इतका निष्कर्ष इमारत न पाहतांच निघतो. सांगली शहर मात्र 1948 पर्यंत जिल्ह्यांत नव्हतेंच. तें पटवर्धनांच्या संस्थानची राजधानी होतें.

सांगलीच्या कृष्णाकांठच्या चित्रांना पूलच तारीख सांगतो. लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें तो 18 नोव्हेंबर 1929 रोजीं खुला झाला. पुलाची जागा चित्रांत आहे पण पूल नाहीं, तर तें चित्र त्यापूर्वींचें. साताऱ्यास हेंच काम अजिंक्यतारा करतो. वाडे पडतात, रस्ते रुंदावतात, पण किल्ल्याची कड बदलत नाहीं. चित्रांतील कड व डोळ्यांपुढची कड जुळेपर्यंत मागेंपुढें सरकत गेलें, कीं छायाचित्रकार कोठें उभा होता तें सांपडतें. एक सावधगिरी मात्र हवी. जुनी काच उलटी ठेवून छापली असल्यास उजवें तें डावें होतें, आणि मग मनुष्य दिवसभर भलत्याच गल्लींत हिंडतो. दुकानावरची अक्षरें आधीं वाचावीं.

परंतु इमारत ओळखली म्हणजे ती समजली असें नव्हे. साताऱ्याचा जुना राजवाडा प्रतापसिंह महाराजांनीं बांधविला. ज्या 1839 सालीं पॅरिस येथें दागेर याची छायाचित्रणकला जाहीर झाली, त्याच सालीं इंग्रजांनीं महाराजांस गादीवरून दूर करून काशीस पाठविलें. 1848 सालीं राज्यच खालसा झालें. तेव्हां छायाचित्रांत राजवाडा म्हणून जें दिसतें, तें राज्य गेल्यानंतरचें घर आहे. जुन्या राजवाड्यांत पुढें हायस्कूल भरूं लागलें, नव्या राजवाड्यांत न्यायकचेऱ्या बसल्या. कित्येकांस ही अवहेलना वाटते. माझें मत उलट आहे. मुलांच्या धांवपळीनें व पक्षकारांच्या वर्दळीनेंच हे वाडे इतकीं वर्षें तगले. रिकाम्या वाड्याचीं कौलें कोण चाळणार?

त्या हायस्कुलाच्या नोंदवहींत 7 नोव्हेंबर 1900 या तारखेस भिवा रामजी आंबेडकर हें नांव 1914 या क्रमांकावर आहे. 2017 पासून महाराष्ट्रांत तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. बाळपणीं शाळेंत आपणांस इतरांपासून वेगळें, कोपऱ्यांत, स्वतःच्या गोणपाटावर बसावें लागे, असें डॉक्टर आंबेडकरांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. राजवाड्याचें कितीही स्वच्छ छायाचित्र घ्या. खिडक्या मोजतां येतील, तसला कोपरा दिसणार नाहीं. छायाचित्रकार नेहमीं दर्शनी बाजूस उभा राहतो. म्हणून 'वाडा गेला तरी चित्र आहे ना' असें म्हणणाऱ्यांशीं माझें जुळत नाहीं.

सांगलीची कथा फार निराळी नाहीं. विष्णुदास भाव्यांचें 'सीतास्वयंवर' 1843 सालीं ज्या राजाश्रयानें झालें, तें संस्थान विलीन झाल्यावर राजवाड्याच्या आवारांत सरकारी कचेऱ्या आल्या. खासगी वाड्यांस असा आश्रय मिळाला नाहीं. 1948 च्या आरंभीं, गांधीजींच्या हत्येनंतरच्या जाळपोळींत, या भागांतील कित्येक वाडे जळाले. पुढें 2005, 2019 व 2021 सालीं महापूर आले. आयर्विन पुलापाशीं 45 फूट ही धोक्याची पातळी. 2019 सालीं पाणी 57 फुटांवर गेलें. अशा पाण्यापुढें मातीच्या भिंतींनीं काय करावें? भिंतींबरोबर ट्रंकांतील छायाचित्रेंही भिजलीं. तरीही आगीनें व पुरानें जितके वाडे नेले, त्यांहून अधिक भावांच्या वाटणीनें नेले असें मला वाटतें. त्याची बातमी होत नाहीं इतकेंच.

सगळे वाडे राखावे असें मी म्हणत नाहीं. गळक्या माडीखालीं राहणाऱ्यास बाहेरून उपदेश करणें सोपें असतें. पण पाडण्यापूर्वीं त्या घराचें नांव, मागचें अंगण, विहीर, माजघर यांची नोंद व चार चित्रें घेण्यास फारसा खर्च येत नाहीं. हें काम आमच्या वरच्या वर्गांतील मुलामुलींनीं दिवाळीच्या सुटींत सहज करावें.

दूरचे संग्रह सर्व सांभाळतील अशा भरंवशावर राहूं नये. मिरजेस डॉक्टर वानलेस यांनीं 1894 सालीं रुग्णालय काढलें, त्या अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनच्या संस्थेचा मोठा दप्तरखाना फिलाडेल्फिया येथें आहे. कागद तेथें नीट राहतील. परंतु एखाद्या चित्रांत उंबऱ्यावर उभी असलेली बाई कोण, पाठीमागची भिंत कोणाच्या वाड्याची, हें तेथील सेवकास कोठून कळावें? तें आपल्या आजीस ठाऊक असेल, आणि आजी आज घरीं आहे.

पालकांस एवढीच विनंती कीं, घरचीं छायाचित्रें एकदां बाहेर काढावीं, मुलांस जवळ बसवावें, आणि प्रत्येकाच्या पाठीवर गांव, पेठ, घराचें नांव व अंदाजें साल लिहवून घ्यावें. मऊ पेन्सिल वापरावी. शाई पुढच्या बाजूस उतरते.