ऋतुराज एका रात्रीत घडला नाही



‘आयपीएल नसते तर ऋतुराज गायकवाड भारतीय संघात दिसला नसता’ हे गेल्या अंकातील वाचकाचे मत पटले नाही. आयपीएलने त्याला प्रसिद्धी दिली हे मान्य. पण ‘ऑरेंज कॅप’ मिळवून देणारा ६३५ धावांचा हंगाम ऑक्टोबर २०२१ मध्ये संपला. त्याआधीच, जुलैमध्ये, कोलंबोत तो भारताकडून पहिला टी-२० सामना खेळला होता. महाराष्ट्राकडून रणजी पदार्पण तर २०१६ चे.

आपल्या खेळाचा पाया जुनी सांगवीच्या या मुलाने थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घातला. २०२१च्या विजय हजारे स्पर्धेत त्याने पाच सामन्यांत चार शतकांसह ६०३ धावा केल्या. पुढच्या वर्षी उत्तर प्रदेशविरुद्ध एकाच षटकात सात षटकार मारत नाबाद २२० धावा काढल्या. हे सारे देशांतर्गत क्रिकेट, जिथे प्रेक्षक गॅलरी बहुधा रिकामीच असते.

हा मुद्दा मी आग्रहाने मांडतो, कारण झटपट यशाची गोष्ट ऐकून पालक मुलांना टी-२०च्या फटकेबाजीकडेच ढकलतात. चाकण, भोसरी, तळवड्यातील कामगारांच्या मुलांना हवे आहे ते परवडणाऱ्या शुल्कातले प्रशिक्षण, चांगली खेळपट्टी आणि वर्षभराचे सामने. महापालिकेने आणि कारखान्यांनी आपली मैदाने या मुलांसाठी खुली करावीत. ऋतुराजचा खरा गौरव तोच ठरेल.

– एक क्रिकेटप्रेमी वाचक, चिंचवड