दिवाळीचा कंदील, नाताळचा तारा

दिवाळी संपते, कंदील माळ्यावर जातो आणि उरलेला पतंगी कागद, बांबूच्या काड्या, दोऱ्याचं रीळ कुठल्या तरी खणात धूळ खात पडतं. टाकवत नाही आणि उपयोगही सुचत नाही. गेल्या डिसेंबरात झाशीला आत्याकडे गेले होते, तेव्हा या सामानाचा एक फार चांगला उपयोग पाहायला मिळाला.

झाशी म्हटलं की आपल्याला राणी लक्ष्मीबाई आठवतात. १८४२ मध्ये ज्या गणेश मंदिरात त्यांचा विवाह झाला, ते मंदिर आजही तिथल्या मराठी घरांना आपलं वाटतं. पण झाशी हे रेल्वेचंही मोठं गाव आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तर स्टेशनलाच राणीचं नाव दिलं गेलं. रेल्वेच्या आणि छावणीच्या निमित्ताने इथे ख्रिस्ती कुटुंबंही पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. सेंट ज्यूड यांच्या इथल्या तीर्थस्थानी २८ ऑक्टोबरच्या सणाला सर्व धर्मांचे लोक जातात. त्यामुळे रेल्वे कॉलनीत दिवाळीचे कंदील उतरतात न उतरतात, तोच नाताळचे तारे लागू लागतात.

आत्याच्या शेजारच्या आंटींच्या दारात मात्र तारा नव्हता. त्यांचे यजमान नोव्हेंबरअखेर निवृत्त झाले होते. मार्चपर्यंत क्वार्टर सोडून दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात जायचं होतं. जुना प्लॅस्टिकचा तारा फुटलेला, नव्याला पैसे घालवायचे आणि तीन महिन्यांनी तो पुन्हा बांधाबांधीत मोडायचा. "यंदा राहू दे," असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. पण सात वर्षांच्या नातवाने विचारलं, "दादी, तारा नसला तर कॅरोल गाणारे आपलं घर ओळखणार कसे?" त्यावर आंटींना उत्तर सुचेना.

आत्या म्हणाली, "मी दर दिवाळीला कंदील करते. ताराही करीन." आंटींनी एकच अट घातली, जे काही कराल ते ट्रंकेत मावलं पाहिजे!

मैत्रिणींनो, ही अट आपणा सर्वांनाच लागू आहे. हल्लीच्या घरांत ठेवायला जागा आहे कुणाकडे? म्हणून आज पाहू या घडी होणारी, स्वस्त आणि घरच्या घरी करता येणारी नाताळची सजावट.

घडीचा तारा : बांबूच्या दीड फूट लांबीच्या, लवचीक अशा दहा काड्या घ्या. पाच काड्या एकमेकींच्या वरून-खालून घालून पाच टोकांची चांदणी करा. टोकं आणि काड्या जिथे एकमेकींना छेदतात त्या जागा दोऱ्याने घट्ट बांधा. अशीच दुसरी चांदणी करा. आता दोन्ही एकमेकींवर ठेवून फक्त पाच टोकं एकत्र बांधा. मधल्या पाच छेदांच्या जागी, दोन्ही चांदण्यांच्या मध्ये, चार-चार इंचांच्या पाच काड्या आधार म्हणून उभ्या बसवा. तारा लगेच फुगून उभा राहतो. या आधाराच्या काड्यांच्या टोकांना खाच पाडा, म्हणजे बांधाव्या लागत नाहीत.

आधार बसवल्यावरच पुढून आणि मागून पतंगी कागद चिकटवा, नाही तर तो ताणला जाऊन फाटतो. बाजू उघड्या ठेवा. तिथून दिवा आत सोडता येतो आणि हवाही खेळते. सण झाला की पाच आधार काढा, तारा सपाट!

चिकटवायला मैद्याची खळ उत्तम. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. पण ते विषारी असतं. घरात मुलं असतील तर ते टाळा, चिमूटभर तुरटी घाला आणि खळ लागेल तेवढीच करा.

लग्नपत्रिकांचे गोळे : तुळशीच्या लग्नानंतर येणाऱ्या पत्रिकांचा कागद जाड, सोनेरी आणि सुरेख असतो. त्याच्या सहा इंच लांब आणि अर्धा इंच रुंद अशा बारा पट्ट्या कापा. गठ्ठा करून दोन्ही टोकांना सुईने भोक पाडा. दुहेरी दोरा ओवून खाली गाठ मारा. वरचं टोक खाली दाबलं की पट्ट्या बाहेर वाकतात. मग त्या गोल पसरवा आणि वर गाठ द्या. झाला गोळा! वरची गाठ सुरगाठीची ठेवली, तर हाही पुन्हा सपाट होतो. नावं छापलेली बाजू आतल्या अंगाला ठेवायला विसरू नका.

फांदीचं झाड : घरात झाड सजवण्याची रीत मूळची जर्मनीची. १८४८ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या घरच्या झाडाचं चित्र लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आलं आणि ती सगळीकडे पसरली. झाशीच्या उन्हात सूचिपर्णी झाड कुठून आणायचं? आत्याने कडुनिंबाची वाळून पडलेली फांदी उचलली, चुन्यात थोडा डिंक कालवून ती रंगवली आणि वाळू भरलेल्या डब्यात रोवली. पांढऱ्या फांदीवर रंगीत गोळे खुलून दिसतात. बर्फाचा आभास म्हणून अनेक जण कापूस लावतात, पण तो झटकन पेट घेतो. दिव्याच्या किंवा मेणबत्तीच्या आसपास कापूस नकोच.

गव्हाचं कुरण आणि गोठा : येशूजन्माचा देखावा मांडण्याची परंपरा संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी मांडलेल्या देखाव्याशी जोडली जाते. त्यांनी तर खरा बैल आणि खरं गाढव आणलं होतं. आपल्याला बुटांचं खोकं पुरे. त्याला आतून तपकिरी कागद लावा, वर गवताच्या काड्या पसरा. गाई आणि मेंढ्यांसाठी बाजारात जायची गरज नाही, दिवाळीच्या किल्ल्यावरची मातीची जनावरं आहेतच. मावळ्यांना मात्र विश्रांती द्या!

गोठ्यापुढच्या कुरणासाठी आपण घटाला करतो तसंच करायचं. पसरट ताटलीत मातीचा थर द्या, रात्रभर भिजवलेले गहू पेरा आणि रोज पाणी शिंपडा. थंडीत उगवायला वेळ लागतो, म्हणून नाताळच्या दहा-बारा दिवस आधी पेरा. गोव्यात यासाठी नाचणी पेरतात.

दिव्याबद्दल थोडं : कागदाच्या ताऱ्यात मेणबत्ती किंवा पणती कधीही ठेवू नका. जुना 'झिरोचा' बल्बही नको. नाव झिरो असलं तरी तो दहा-पंधरा वॅट वीज खातो आणि तापतो. अर्ध्या वॅटचा एलईडी बल्ब लावा. तो फारसा तापत नाही आणि रोज सहा तास जळला तरी महिन्याला एक युनिटही लागत नाही. वायर जोडलेली असेल, तर सांध्यावर टेप आहे ना ते पाहा. गॅलरीत दव पडतं.

आत्याचं हे सगळं दोन दुपारांत झालं. बरंचसं सामान घरातलंच असल्याने खर्च दीडशे रुपयांच्या आत आला. तारा टांगायला नातवाला खांद्यावर घेतलं ते त्याच्या आजोबांनी. निवृत्तीनंतर ते फारसं बोलत नव्हते, पण तारा वाकडा लागलाय हे त्यांनी तीनदा बजावलं. त्या रात्री कॅरोल गाणारी मंडळी आली. आंटींनी त्यांना केक दिला आणि आत्याने उरलेल्या चकल्या.

मार्चमध्ये ते कुटुंब गेलं. तारा सपाट होऊन ट्रंकेत, साड्यांच्या घड्यांमध्ये गेला.

गेल्या आठवड्यात आत्याचा फोन आला. नव्या घरी ट्रंक उघडली, तारा जसाच्या तसा निघाला, पण आधाराच्या दोन काड्या हरवल्या होत्या. आंटी दुकानात निघाल्या, तर नातू म्हणाला, "थांब दादी, मला येतं." त्याने झाडाच्या वाळक्या डहाळीचे चार-चार इंचांचे दोन तुकडे मोजून कापले, खाचा पाडल्या आणि बसवले. नव्या गल्लीत त्यांना अजून फारसं कुणी ओळखत नाही. पण यंदा पहिला तारा त्यांच्याच दारात लागला आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, माळ्यावरचा तो खण आजच उघडा. स्वतःच्या घरी नाताळ नसेल, तर शेजारी कुणाकडे तरी असेलच.