सगळ्या जगाला माहीत असलेला खटला विमा कंपनीला कळवायचा राहिला: हार्वर्डचे दीड कोटी डॉलर कसे गेले?

१७ नोव्हेंबर २०१४ ला हार्वर्ड विद्यापीठावर एक खटला दाखल झाला. प्रवेश देताना हार्वर्ड वंशाचा विचार करतं आणि त्यात आशियाई वंशाच्या मुलांवर अन्याय होतो, असं ‘स्टुडंट्स फॉर फेअर अ‍ॅडमिशन्स’ या संघटनेचं म्हणणं होतं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २९ जून २०२३ ला हार्वर्ड हरलं. हा निकाल जगभर गाजला. अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांचाही त्याच्याशी संबंध असल्यामुळे आपल्याकडेही त्यावर भरपूर लिहिलं-बोललं गेलं.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, ९ ऑगस्ट २०२३ ला, हार्वर्ड आणखी एक खटला हरलं. त्याची फारशी बातमी झाली नाही. हा खटला हार्वर्डनेच आपल्या विमा कंपनीवर केला होता. रक्कम होती दीड कोटी डॉलर, म्हणजे त्यावेळच्या दराने सव्वाशे कोटी रुपयांच्या आसपास. हरण्याचं कारण एका वाक्यात सांगता येतं: खटला दाखल झाल्याचं या विमा कंपनीला ठरलेल्या मुदतीत कळवायचंच राहून गेलं.

हार्वर्डकडे तेव्हा जवळपास ५० अब्ज डॉलरचा निधी होता, त्यामुळे त्यांच्यासाठी हळहळायची गरज नाही. पण विद्यापीठ आपली जोखीम कशी सांभाळतं आणि त्यात नेमकं कुठे चुकतं, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण सापडणं अवघड आहे.

विद्यापीठाला विमा कशाला लागतो?

विद्यापीठ म्हणजे फक्त वर्ग आणि ग्रंथालय नाही. मोठं विद्यापीठ हे एक छोटं शहर असतं. प्रयोगशाळेत ज्वलनशील रसायनं असतात, वसतिगृहात शेकडो मुलं झोपलेली असतात, मैदानावर सामने चालू असतात, सहलीच्या बस रस्त्यावर असतात. काही ठिकाणी स्वतःचं रुग्णालय असतं. सगळ्यांचे गुण, पत्ते आणि बँक खाती सर्व्हरवर असतात. शिवाय नोकरीवरून काढलेला प्राध्यापक किंवा प्रवेश नाकारलेला विद्यार्थी कोर्टात जाऊ शकतो, ते वेगळंच.

यातली काही जोखीम टाळता येते, काही कमी करता येते. उरलेली एक तर स्वतःच्या खिशातून सोसायची, नाहीतर पैसे देऊन दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. विमा म्हणजे हा शेवटचा पर्याय.

अमेरिकेतली विद्यापीठं यात बरीच पुढे गेली आहेत. इलिनॉय विद्यापीठाच्या बिझनेस आणि इंजिनिअरिंग कॉलेजांनी चिनी विद्यार्थी अचानक कमी झाले तर बुडणाऱ्या फीचाही विमा काढला होता. २०१८ मध्ये ही गोष्ट बाहेर आली. वर्षाला ४ लाख २४ हजार डॉलरचा हप्ता आणि ६ कोटी डॉलरचं संरक्षण. व्हिसाचे निर्बंध किंवा साथीसारख्या कारणामुळे एका वर्षात चिनी विद्यार्थ्यांकडून येणारं उत्पन्न २० टक्के घटलं, तर भरपाई मिळणार होती. कोरोनाच्या आधीची ही पॉलिसी आहे, हे लक्षात घ्या.

१९८० च्या दशकात तिथल्या शिक्षणसंस्थांना विमा मिळणंच कठीण झालं होतं. तेव्हा अनेक संस्थांनी एकत्र येऊन १९८७ मध्ये ‘युनायटेड एज्युकेटर्स’ ही स्वतःच्या मालकीची विमा कंपनी काढली. आपल्या पतपेढीसारखाच प्रकार: ग्राहक तेच, मालकही तेच.

थरावर थर

आता पुन्हा हार्वर्डकडे. एवढ्या मोठ्या संस्थेचा सगळा भार एकटी कंपनी सहसा घेत नाही. संरक्षण थरांमध्ये विकत घेतलं जातं. दहीहंडीचा मनोरा डोळ्यासमोर आणा. सगळ्यात खाली हार्वर्ड स्वतः: पहिले २५ लाख डॉलर त्यांनी स्वतःच्या खिशातून भरायचे. त्यावर एआयजी ही कंपनी, २ कोटी ५० लाख डॉलरपर्यंत. तो थर संपला की त्यावर झुरिक ही दुसरी कंपनी, आणखी दीड कोटी डॉलर.

पॉलिसी होती १ नोव्हेंबर २०१४ ते १ नोव्हेंबर २०१५ या वर्षाची. म्हणजे खटला आला तेव्हा ती जेमतेम दोन आठवड्यांची होती. हार्वर्डने एआयजीला वेळेत कळवलं. पण झुरिकला कळवलं नाही.

कदाचित सुरुवातीला त्याची गरज वाटली नसेल. खर्च झुरिकच्या थरापर्यंत पोहोचायला आधी पावणेतीन कोटी डॉलर संपायला हवे होते, आणि वकिलांची बिलं इतकी होतील असं खटल्याच्या पहिल्याच आठवड्यात कोणाच्या डोक्यात येणार? हा माझा अंदाज. हार्वर्डच्या म्हणण्यानुसार पुढे खर्च खरोखरच पावणेतीन कोटींच्या वर गेला.

पॉलिसीतली अट मात्र स्पष्ट होती. दाव्याची लेखी सूचना शक्य तितक्या लवकर द्यायची आणि कोणत्याही परिस्थितीत पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांच्या आत. ती मुदत ३० जानेवारी २०१६ ला संपली. हार्वर्डची सूचना झुरिकला मिळाली २३ मे २०१७ ला, जवळपास सोळा महिने उशिरा. झुरिकने पैसे द्यायला नकार दिला आणि २०२१ मध्ये हार्वर्ड कोर्टात गेलं.

‘पेपरात तर आलं होतं!’

कोर्टात हार्वर्डचा युक्तिवाद ऐकायला गंमतशीर, पण अगदीच टाकाऊ नव्हता. हा खटला देशभर गाजत होता. वर्तमानपत्रांत, टीव्हीवर रोज चर्चा होती. मग झुरिकला त्याची माहिती नव्हती, असं कसं म्हणता येईल? आणि माहिती होती, तर सूचना उशिरा आल्याने त्यांचं नुकसान काय झालं?

आपल्याकडच्या कॉलेजात शिकलेल्या कोणालाही याचं उत्तर ठाऊक असेल. परीक्षा फॉर्मची मुदत गेल्यावर खिडकीपाशी जाऊन ‘मॅडम, मी रोज वर्गात बसत होतो, सगळ्यांनी पाहिलंय’ असं सांगून हॉल तिकीट मिळत नाही. (आपल्याकडे निदान विलंब शुल्क भरून फॉर्म घेतात. हार्वर्डला तीही सोय नव्हती.)

नोव्हेंबर २०२२ मध्ये जिल्हा न्यायाधीश अ‍ॅलिसन बरोज यांनी झुरिकच्या बाजूने निकाल दिला. योगायोग असा, की प्रवेशाचा मूळ खटलाही त्यांच्यासमोरच चालला होता आणि २०१९ मध्ये त्यात त्यांनी हार्वर्डला जिंकवलं होतं. अपील न्यायालयाने २०२३ मध्ये त्यांचा विम्याचा निकाल कायम केला. झुरिकला माहीत होतं की नव्हतं हा प्रश्नच गैरलागू आहे, असं न्यायालयांचं म्हणणं पडलं.

इतकी कडक भूमिका का?

इथे विम्याचे दोन प्रकार समजून घ्यायला हवेत.

पहिल्या प्रकारात घटना कधी घडली याला महत्त्व असतं. पॉलिसी चालू असताना आग लागली, तर कळवायला थोडा उशीर झाला तरी आग त्या काळातलीच राहते. अशा पॉलिसींबाबत मॅसॅच्युसेट्स राज्याचा कायदा ग्राहकाच्या बाजूचा आहे. उशिरामुळे आपलं नेमकं नुकसान झालं हे कंपनीने दाखवायचं, नाहीतर पैसे द्यायचे.

दुसऱ्या प्रकाराला विमा व्यवसायात ‘क्लेम्स मेड’ म्हणतात. यात दावा कधी आला आणि तो कंपनीला कधी कळवला, याला महत्त्व असतं. कंपनी इथे एक वर्ष विकत असते. वर्ष संपलं, वरचे काही दिवस गेले, की वही बंद. त्या वर्षापोटी किती देणं लागतं हे पक्कं कळतं आणि त्यावर पुढचा हप्ता ठरतो. वही बंद झाल्यावरही दावे येत राहिले तर हप्ते वाढतील. म्हणून या प्रकारात मुदत हा कराराचा गाभाच मानला जातो आणि ‘उशीर झाला, पण तुमचं काय बिघडलं?’ हा प्रश्न विचारता येत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने हे १९९० मध्येच सांगून ठेवलं होतं. हार्वर्डची पॉलिसी याच प्रकारातली होती.

म्हणजे पॉलिसी उत्तम होती, हप्ते भरलेले होते, थरांची रचनाही व्यवस्थित होती. जे काम एका पत्राने किंवा ईमेलने झालं असतं, ते झालं नाही. पुढे हार्वर्डने आपला विमा ब्रोकर मार्श या कंपनीवरही खटला भरला. झुरिकला कळवणं ही ब्रोकरची जबाबदारी होती, असं त्यांचं म्हणणं.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. मोठ्या संस्थेत विमा विकत घेणारा विभाग वेगळा, खटला लढणारा विभाग वेगळा, बिलं भरणारा वेगळा आणि मध्ये ब्रोकर. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने कळवलं असेल.

भारतात असं झालं असतं तर?

आपल्याकडे उशिराकडे बघण्याची नजर थोडी मवाळ आहे. विमा नियामक आयआरडीएआयने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना सांगितलं होतं, की केवळ उशिरा कळवलं एवढ्याच कारणावरून खरा दावा फेटाळू नका. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठासमोर ट्रॅक्टर चोरीचं प्रकरण आलं. मालकाने चोरीची फिर्याद त्याच दिवशी दिली होती, विमा कंपनीला मात्र बरेच आठवडे उशिरा कळवलं होतं. न्यायालयाने सांगितलं, पोलिसांत फिर्याद वेळेत असेल आणि चोरी खरी असेल, तर फक्त कंपनीला उशिरा कळवल्याने दावा नाकारता येणार नाही.

पण हा निकाल वाहन चोरीचा आहे. डॉक्टरांच्या किंवा कंपनी संचालकांच्या दायित्व विम्यासारख्या ‘क्लेम्स मेड’ पॉलिसी भारतातही विकल्या जातात. त्यांनाही हीच सवलत मिळेल असं गृहीत धरून एखाद्या विद्यापीठाने निवांत बसू नये.

आपल्या विद्यापीठांचा आणखी एक प्रश्न आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांची लांबलचक यादी आहे: कुलगुरू, कुलसचिव, वित्त व लेखा अधिकारी, परीक्षा संचालक, विद्यार्थी विकास संचालक आणि इतर. जोखीम किंवा विमा सांभाळणं हेच काम असलेलं पद त्यात नाही. काम होतं, पण ते कुणाच्या तरी इतर कामांत एक म्हणून.

याचा तुमच्याशी काय संबंध?

राज्यातल्या अनेक विद्यापीठांत प्रवेशाच्या वेळी फीच्या पावतीत विद्यार्थी अपघात विम्याची एक छोटी ओळ असते. रक्कम इतकी किरकोळ, की कुणाचं लक्ष जात नाही. हा समूह विमा असतो. त्यात कंपनीशी करार विद्यापीठाचा असतो. पॉलिसी विद्यापीठाच्या नावावर असते आणि विद्यार्थी फक्त लाभार्थी. पॉलिसीची प्रत घरी येत नाही. कधी ती ओळ वाचलेलीच नसते, कधी वाचूनही लक्षात राहत नाही.

आता कल्पना करा, सुट्टीत गावी जाताना एखाद्या विद्यार्थ्याचा अपघात झाला. घरचे रुग्णालयात, पुढे कदाचित दिवसकार्यात. त्या दिवसांत फीच्या पावतीवरची ती ओळ कोणाला आठवणार? आणि ज्या कार्यालयाला अटी ठाऊक आहेत, त्याला अपघाताची बातमी कळेलच असं नाही. हार्वर्डमध्ये राहून गेलेल्या सूचनेचे पैसे हार्वर्डनेच सोसले. इथे संस्थेकडून सूचना राहिली, तर नुकसान कुटुंबाचं.

हे टाळायला विद्यापीठांना फार काही करावं लागणार नाही. पॉलिसीचा क्रमांक, कंपनीचं नाव, कळवण्याची मुदत आणि एका जबाबदार व्यक्तीचा फोन नंबर ओळखपत्राच्या मागे छापला तरी पुष्कळ. तोवर प्रवेश घेतानाच कॉलेजच्या कार्यालयात किंवा विद्यार्थी विकास विभागात चार गोष्टी विचारून लिहून ठेवा. विमा कोणत्या कंपनीचा आहे? कॉलेजच्या आवाराबाहेरचा आणि सुट्टीतला अपघात त्यात येतो का? किती दिवसांत आणि कोणाला कळवायचं? कोणती कागदपत्रं लागतात? अपघात झालाच, तर कॉलेजला तोंडी सांगून थांबू नका. अर्ज लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या.

दावा फेटाळला गेला, तर आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. समूह विम्याच्या तक्रारीही तिथे चालतात. ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईची प्रकरणं तिथे ऐकली जातात, शुल्क नाही, वकील लागत नाही. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालयं मुंबई, पुणे आणि ठाण्यात आहेत. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते, तेव्हा नकाराचं पत्र आणि त्यावरची तारीख जपून ठेवा.