डोके कोणाचे आणि मरण कोणाचे?

'हेल्मेटसक्ती' हा शब्दच मुळात फसवा आहे. मोटार वाहन कायदा 1988चा. त्याच्या कलम 129ने दुचाकीस्वाराप्रमाणेच मागे बसणाऱ्यालाही शिरस्त्राण बंधनकारक केले आहे. नवे काही कोणी लादलेले नाही. तीन दशके धाब्यावर बसवलेल्या कायद्याची पोलिसांना आठवण झाली, की आपण त्यालाच सक्ती म्हणतो. जानेवारी 2019मध्ये पुण्यात अंमलबजावणी सुरू होताच विरोधी कृती समिती रस्त्यावर उतरली. तत्पूर्वी 2016मध्ये परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी 'हेल्मेट नाही, तर पेट्रोल नाही' अशी घोषणा केली आणि ती गुंडाळावी लागली. (पंपावरच्या पोऱ्याला पोलीस बनवणे चूकच होते.) पण त्या माघारीतून जनतेने सोयीचा तेवढाच अर्थ घेतला.

'डोके माझे, मरणही माझे' असे बजावणाऱ्यांनी एक आकडा पाहावा. 2022मध्ये देशात शिरस्त्राणाविना 50,029 दुचाकीप्रवासी मृत्युमुखी पडले. अख्खे विटा शहर भरेल एवढी ही संख्या! त्यांतील 14,337 जण मागे बसलेले होते. त्या माताभगिनींना कोणी विचारले होते काय?

'शिखांना सूट, मग आमच्या फेट्याला का नाही?' हाही प्रश्न हिरिरीने विचारला जातो. शीख बांधवाची पगडी हे त्याचे नित्याचे धर्मबंधन आहे. आपला फेटा लग्नाच्या वरातीत बांधला जातो आणि सायंकाळी पेटीत जातो. फेटा बांधून रोज कऱ्हाडला जाणारा विटेकर कोणी पाहिला आहे?

'लहान गावात वेग कुठे असतो?' हा आक्षेप बाजारपेठेपुरता खरा आहे. परंतु विट्यातून गुहागर-विजापूर महामार्ग जातो. यंत्रमागाची रात्रपाळी संपवून कामगार याच परिसरातील रस्त्यांनी घरी परततो आणि गळीत हंगामात त्याच्यापुढे अंधारात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या असतात, अनेकदा मागे ना दिवा, ना परावर्तक. अशा धडकेत शिरस्त्राण मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी घटवते, असे संशोधन सांगते.

म्हणूनच शासनालाही मोकळे सोडता येणार नाही. 1 जून 2021पासून आयएसआय चिन्हाविना शिरस्त्राण विकणे बेकायदा आहे, तरी पदपथावर पुठ्ठ्यासारख्या टोप्या राजरोस विकल्या जातात. दंडाची पावती ग्राहकाला आणि अभय विक्रेत्याला, हा कुठला न्याय? पोलिसांनी बाजारातल्या भाजीवाल्याला अडवण्यापेक्षा महामार्गावर उभे राहावे. आणि यंदाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी परिवहन खात्याने कारखान्यांच्या फाटकावरच प्रत्येक ट्रॉलीचा परावर्तक तपासावा. तो नसेल, तर ट्रॉली आत घेऊ नये.