मोटारीतील विजेची बैठक

बंगळूरच्या जयचामराजेंद्र रस्त्यास सारे शहर जे. सी. रोड म्हणते. मोटारींच्या सुट्या भागांची व सजावटीच्या सामानाची दुकाने तेथे एकमेकांना खेटून उभी आहेत. सामान मिळणे सोपे. ते गाडीत यथायोग्य बसणे ही निराळी गोष्ट होय.

आमच्या आत्याबाईंचे गुडघे धरल्यापासून गाडीत चढणे-उतरणे त्यांना जड जाऊ लागले. तेव्हा चालकाशेजारची बैठक काढून तेथे विजेवर वर-खाली व पुढे-मागे होणारी बैठक बसवावी, असे घरात ठरले. एका कारागिराने ते काम दोन तासांत उरकले. बटण दाबताच आत्याबाई चार बोटे वर आल्या आणि प्रसन्न झाल्या. पुढे काही महिन्यांनी दुसऱ्या एका मिस्त्रीने बैठकीखाली वाकून पाहिले, तेव्हा जुन्या बैठकीतील एअरबॅगकडे जाणारी पिवळी जोडणी मोकळी सोडून तिच्या टोकांना एक चिमुकला रेझिस्टर जोडलेला आढळला. त्यामुळे धोक्याचा दिवा लागत नव्हता. नव्या बैठकीत बाजूची एअरबॅग मात्र नव्हतीच. इतके महिने आम्ही आत्याबाईंना निर्धास्तपणे म्हैसूरपर्यंत नेऊन आणत होतो.

बैठक ही दिवाणखान्यातील खुर्ची नव्हे. धडक बसते तेव्हा माणसाला जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम पट्टा व बैठक मिळून करतात. पट्ट्याचे कुलूप बहुधा बैठकीलाच जोडलेले असते, कित्येक गाड्यांत कोणी बसले आहे की नाही हे ओळखणारी योजना गादीत असते, आणि बाजूची एअरबॅग पाठीच्या कडेच्या शिवणीआड दडलेली असते. म्हणूनच अशा बैठकीवर वाटेल ते आच्छादन चढवू नये. एअरबॅगसाठी त्या जागी मुद्दाम कच्ची शिवण ठेवलेलेच घ्यावे.

सहा दिशांनी हलणाऱ्या बैठकीत साधारणपणे विजेची तीन लहान यंत्रे असतात. एक पुढे-मागे सरकवते, दुसरे उंची बदलते, तिसरे पाठ कलवते. माणसाचे वजन उचलताना ती बरीच वीज ओढतात. जवळच्या एखाद्या तारेतून ती चोरून घेणे, हा बाजारातील झटपट उपाय आगीला आमंत्रण देणारा आहे. तार पुरेशी जाड व स्वतंत्र हवी, आणि तिचा फ्यूज बॅटरीच्या जवळच हवा. कारण वाटेत तार घासून उघडी पडली, तर फ्यूजच्या पुढचाच भाग त्याच्या रक्षणाखाली येतो.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. एअरबॅगच्या यंत्रणेत काही काळ वीज साठून राहते. पिवळ्या जोडण्यांस तोवर हात लावू नये. बोल्ट त्याच गाडीसाठी नेमलेले असावेत, आणि मोजून आवळणाऱ्या पान्यानेच आवळावेत. भोके जुळत नाहीत म्हणून पत्र्यात नवी पाडू लागल्यास कारागिरास तेथेच थांबवावे. अपघातग्रस्त गाडीतून काढलेली बैठक स्वस्त मिळते, परंतु तिचा सांगाडा वाकलेला असू शकतो आणि एअरबॅग एकदा फुगून गेलेली. नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमास मान्य नाही. बैठकींची संख्या हा त्यातलाच एक तपशील.

बंगळूरकरांनी या प्रश्नाचे एक चांगले उत्तर शोधले आहे. येथील ट्रूअसिस्ट या नवउद्योगाच्या सहकार्याने मारुती सुझुकीने डिसेंबर २०२५ मध्ये वॅगन आरसाठी वळणारी बैठक आणली. ती दाराकडे वळते, त्यामुळे वृद्धांना बाहेरूनच टेकून मग पाय आत घेता येतात. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या पुण्याच्या संस्थेत तिची सुरक्षा-चाचणी झाली. बसवण्यास सुमारे तासभर लागतो. ज्यांच्याकडे ती गाडी आहे, त्यांनी आधी याचीच चौकशी करावी.

ज्यांच्या गाडीत विजेची बैठक मुळातूनच आहे, त्यांना देखभाल फार नाही. रुळांत नाणी, शेंगांची टरफले, मुलांच्या पेन्सिली पडतात; महिन्यातून एकदा त्या काढाव्यात. पाणी ओतून गाडी आतून धुण्याची आपली हौस येथे आवरावी. बैठक टोकाला पोहोचल्यावर बटण दाबून धरू नये. बैठक मागे घेताना पाठीमागे मुलाचे पाय नाहीत ना, हे पाहावे.

आमची गाडी वॅगन आर नाही. आम्ही मूळ बैठक, तिच्या एअरबॅगसह, पुन्हा बसवून घेतली. उंचीसाठी जाड उशी देण्याचा विचार आला होता, पण उशीने पट्टा कमरेवरून पोटावर सरकतो, म्हणून तो सोडला. सांप्रत दारापाशी एक भक्कम रुंद पाट ठेवतो. त्यावर पाय देऊन आत्याबाई सावकाश चढतात, आणि पाट उचलून डिकीत टाकण्याचे काम नातवाकडे आहे.