नागपूरच्या पुढे कामठी

शेगाव-मलकापूरहून रेल्वेने नागपूर गाठणाऱ्या बुलढाणेकरांनी दीक्षाभूमीपाशीच न थांबता त्याच मार्गावरच्या कामठीपर्यंत जायला हवं. तिथलं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर जपानच्या ओगावा सोसायटीच्या साहाय्याने १९९९ मध्ये उभं राहिलं. १९५६ च्या धम्मदीक्षेतून जागी झालेली भूमी जपानी बौद्धांना किती जवळची वाटली, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे. प्रार्थनास्थळी पर्यटकाचं काय काम, असं कुणी म्हणेल. पण क्योटोतली मंदिरंही उपासक आणि प्रवासी दोघांनाही सामावून घेतातच की! शांतता पाळावी, एवढीच अट. खटकतं ते फोटो काढून लगेच परतणं. शाळांच्या सहली नेताना तरी मुलांना या मैत्रीचा इतिहास आधी सांगावा आणि तिथे तासभर निवांत बसू द्यावं.